आजीबाईंना लिहिलेली पत्रं

१८८४ साली इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात एक साधा प्रश्न निघाला आणि बघता बघता दोन बिशपांपर्यंत जाऊन पोचला. पंडिता रमाबाई तेव्हा तिथे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, एवढाच तो प्रश्न. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यात वावगं वाटलं नव्हतं. लाहोरचे बिशप टॉमस व्हॅल्पी फ्रेंच आणि मुंबईचे बिशप लुई जॉर्ज माइल्न यांना मात्र ते अजिबात रुचलं नाही. बाई पुरुषांना शिकवते हे हिंदुस्थानात कळलं, तर मायदेशी परतल्यावर तिच्या शब्दाला किंमत राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पत्रं इकडून तिकडे गेली. बिशप बीलबाईंना लिहीत होते, बीलबाई, रमाबाई आधी जिथे राहिल्या होत्या त्या वाँटेजच्या मठाला, मठातल्या सिस्टर पुन्हा बीलबाईंना. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

रमाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी बीलबाईंना पत्र लिहिलं. आपण किंवा आपल्या आईने तरुणांना शिकवण्याला आपल्या वडिलांची कधी हरकत नव्हती, आपल्या नवऱ्याचीही नव्हती. मग आता ती कोणाला असावी याचं आश्चर्य वाटतं, असा त्या पत्राचा रोख होता. हे त्या उगाच लिहीत नव्हत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता आणि गंगामूळच्या रानात जाऊन राहिले होते. आईवडील दुष्काळात गेले. त्यानंतर ही मुलगी भाऊ श्रीनिवासबरोबर पायी देश फिरत पुराणं सांगत होती. १८७८ साली कलकत्त्यातल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भरसभेत शेकडो पुरुषांपुढे बोललेल्या या बाईला हिंदी लोकांच्या भावना समजावून सांगत होते ते दोन इंग्रज धर्माधिकारी.

ते दोघे दुष्ट नव्हते, हेही त्याच दमात सांगायला हवं. फ्रेंच यांनी हिंदुस्थानात उभी हयात घालवली होती, माइल्न यांच्या अमदानीत पुण्यातलं मिशन वाढलं. दोघांनाही रमाबाईंचं भलंच हवं होतं. अशा वादांतली खरी अडचण इथेच असते. ज्याला समोरच्याचं भलं हवं असतं त्याला समोरच्याला विचारावंसं वाटत नाही.

रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या पुण्यातून. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं होतं. दोन वर्षांच्या आत ते वारले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन १८८२ साली त्या पुण्याला आल्या. इथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनशी ओळख झाली तीही याच काळात. वाँटेजच्या ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या मठाच्या सिस्टर १८७७ पासून पुण्यात काम करत होत्या. (पुढे १८९० साली टिळक-रानड्यांनी मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून उठलेल्या वादामुळे ज्याचं नाव घराघरांत पोचलं ते हेच पंचहौद.) आणि तिथे फादर नेहेम्या गोरे होते. काशीत वाढलेले हे नीलकंठशास्त्री १८४८ साली ख्रिस्ती झाले. षड्दर्शनांचा त्यांचा अभ्यास असा होता की शास्त्र्यांशी शास्त्र्यांच्याच भाषेत बोलावं ते त्यांनीच. रमाबाईंना बुद्धीने पटवणारा ख्रिस्ती माणूस मिळाला तो हा. ख्रिस्ती धर्म आपल्याला बुद्धीने पटला तो गोरे यांच्यामुळे, हे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे.

‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून आलेल्या पैशांचा प्रवासखर्चाला हातभार लागला. १८८३ साली मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्यासह त्या बोटीत बसल्या आणि वाँटेजच्या मठात उतरल्या. वैद्यक शिकायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत बारगळला. आनंदीबाईंचा वाँटेजमध्येच फार करुण अंत झाला. परक्या मुलखात सोबतीचं एकमेव माणूस गेलं. त्या धक्क्यानंतर २९ सप्टेंबर १८८३ रोजी मठाचे संस्थापक कॅनन विल्यम बटलर यांच्या हस्ते रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी आली सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्राचा मायनाही तोच असे, ‘डिअर आजीबाई’. पुढची सगळी भांडणं या मायन्याखाली झाली.

आणि भांडणं झाली ती थोडीथोडकी नव्हेत. आजीबाईंना वाटे, बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चने जे शिकवलं ते मान्य केलं. शंका असतीलच तर त्या नम्रपणे मोठ्यांपुढे ठेवाव्यात आणि उत्तर मिळालं की ते स्वीकारावं. रमाबाईंचा हिशेब वेगळा होता. ख्रिस्तावर आपला विश्वास आहे. पण इंग्लंडच्या चर्चचं प्रत्येक कलम मान्य करण्याचं वचन आपण कधी दिलं नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत त्यांना तेव्हा पटत नव्हता, कुमारीच्या पोटी जन्माची गोष्ट पटत नव्हती. न पटलेलं पटलं म्हणणं हे त्यांना देवाशी खोटं बोलण्यासारखं वाटत होतं. एवढ्या कष्टाने आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मानेवरून उतरवलं, ते दुसऱ्या पुरोहितांचं चढवून घेण्यासाठी नव्हे, हे त्यांनी आजीबाईंना अगदी स्पष्ट लिहिलं.

आजीबाईंना यात अहंकार दिसला. पोरीला फार मान मिळाला, विद्वत्तेची स्तुती फार ऐकायला मिळाली, त्याने डोकं फिरलं, असं त्यांचं निदान. रमाबाई मांसाहार करत नाहीत, हेसुद्धा त्यांना जातीचा ताठा अजून गेला नसल्याचं लक्षण वाटलं. रमाबाईंनी तेही ऐकून घेतलं नाही. ज्या रीतीत धर्माला बाधणारं काही नाही ती आपल्या लोकांची रीत आपण पाळणार, आणि कोणी आपल्याला हिंदू म्हटलं तर त्यात आपल्याला कमीपणा नाही, हे त्यांचं उत्तर.

या वादांतली एका क्रुसाची गोष्ट जरा जवळून पाहावी. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असायची. रमाबाईंनी विचारलं, ही अक्षरं मला वाचता येत नाहीत, माझ्या देशात ज्यांच्यामध्ये मी जाणार त्यांनाही येणार नाहीत. मग ती संस्कृतात का नसावीत? एवढ्यावर थांबल्या असत्या तर ती एक सूचना ठरली असती. त्यांनी पुढे विचारलं की लॅटिनमध्ये आमच्या जुन्या संस्कृतपेक्षा काही अधिक चांगलं आहे का, की ब्राह्मणांना संस्कृतबद्दल जे वाटतं तेच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं? हा घाव बरोबर वर्मावर बसणारा होता. देवाला अमुकच भाषा चालते हे खूळ सोडून आलेल्या बाईला तेच खूळ दुसऱ्या लिपीत दिसलं आणि तिने ते बोलून दाखवलं. पत्र आजीबाईंना बोचलं असणार. तरी ते फाडून टाकलं गेलं नाही, हे इथेच नोंदवून ठेवावं.

रमाबाईंची बाजू घेताना एक सोय होते, की आज आपल्या सगळ्यांना ती बाजू पटते. पण सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या त्या बाईची पत्रं सगळीच मऊ नाहीत. काहींत टोमणे आहेत, काहींत समोरच्या प्रौढ स्त्रीला तर्काच्या कोपऱ्यात ढकलण्याचा आनंद दिसतो. अनंतशास्त्र्यांची लेक वादविवादात तरबेज होती. जेराल्डीन तशा नव्हत्या, आणि आपल्याला न पेलणारं काम अंगावर पडलं आहे हे त्यांनाही कळत असावं. त्यांच्या पत्रांतला करडेपणा मग थोडा वेगळा वाचता येतो. मठाचं व्रत घेतलेल्या स्त्रीचं सगळं आयुष्य आज्ञापालनावर उभं असतं. तिच्या दृष्टीने नम्रता म्हणजे आज्ञापालनच. रमाबाई तेवढंच सोडून बाकी सगळं द्यायला तयार होत्या.

या दोघींच्या मध्ये उभ्या होत्या बीलबाई. १८५८ पासून चेल्टनहॅम चालवणाऱ्या या प्राचार्यांचा इंग्लंडमध्ये मोठा दबदबा होता. पण रमाबाईंना उपयोगी पडला तो त्यांचा अनुभव. काही वर्षांपूर्वी बीलबाई स्वतः श्रद्धेच्या मोठ्या संकटातून गेल्या होत्या. आपला विश्वास उरला आहे की नाही, असा प्रश्न पडण्याइतकं ते खोल होतं. शंका घेणारा माणूस गर्विष्ठच असतो असं नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. त्यांनी मठाला कळवलं की रमाबाईंना केवळ अधिकाराच्या जोरावर शिकवता येणार नाही. त्यांना धर्माचा तत्त्वज्ञान म्हणून मोकळेपणाने अभ्यास करू द्या. स्वतः त्या रमाबाईंशी पत्रांतून त्रैक्यावर वाद घालत राहिल्या. बीलबाई चर्चच्या बाजूच्याच होत्या. रमाबाईंची मतं चुकीची आहेत असंच त्यांना वाटत होतं. फरक इतकाच की त्या युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देत होत्या आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा लिहीत होत्या. पुरुषांना शिकवण्याचा बेत बिशपांच्या विरोधापुढे टिकला नाही, तो मागे पडला. पण त्या लढाईत हरलेल्या बीलबाई रमाबाईंच्या मनातून कधी उतरल्या नाहीत.

मनोरमेच्या धर्मशिक्षणावरूनही तणातणी झाली. आपल्याला जे पटलेलं नाही ते आपल्या मुलीच्या मनावर कोणी बिंबवू नये, असा आईचा आग्रह होता. मठाला तो मान्य होणं कठीण होतं. १८८६ च्या फेब्रुवारीत वैद्यकाची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी रमाबाई मुलीला घेऊन फिलाडेल्फियाला निघाल्या, तेव्हा वाँटेजशी असलेले संबंध पार ताणलेले होते. अमेरिकेत त्या राहिल्या ती तीनेक वर्षं. गावोगाव व्याख्यानं, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करणं, १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक. या धावपळीत लहान मुलीला बरोबर कुठवर फिरवणार?

त्यांनी मनोरमेला परत वाँटेजला पाठवलं. त्याच मठात, त्याच सिस्टरांकडे. या सगळ्या पत्रव्यवहारात याहून मोठी घटना शोधून सापडत नाही. धर्ममताच्या प्रत्येक मुद्द्यावर जिच्याशी वाद, जिने आपल्याला गर्विष्ठ ठरवलं, तिच्याकडे आईने आपलं एकुलतं मूल ठेवलं. आणि जिला ही आई पाखंडी वाटत होती तिने त्या मुलाला मायेने सांभाळलं. मतभेद मिटले नव्हते. दोघींपैकी एकीनेही माघार घेतली नव्हती.

चार वर्षांतच पारडं फिरलं. आता रमाबाई संस्थेच्या प्रमुख होत्या आणि त्यांच्याशी न पटणारे दुसरे होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. त्या असोसिएशनमध्ये वेगवेगळ्या पंथांची माणसं होती आणि सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही अशी अट होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. मुलींना आपापले उपासतापास, पूजा करायला मुभा होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत सकाळी प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. सल्लागारांनी विचारलं. रमाबाईंनी उत्तर दिलं की मी कोणाला बोलावत नाही, पण दारही लावणार नाही. १८९३ साली रानडे-भांडारकर बाहेर पडले.

इथे कोणाचं बरोबर होतं, याचा निवाडा सोपा नाही. दार बंद करून प्रार्थना करायला भाग पाडणं हा एका विधवेच्या अंतःकरणावर घाला होता, हे खरंच आहे. पण ज्या मुलींना जगात दुसरा आधार नाही त्यांच्यावर आधार देणारीच्या आचरणाचा दाब आपोआप पडतो, हे रानड्यांचं भयही खरं होतं. वाँटेजमध्ये रमाबाईंनी जो मुद्दा स्वतःच्या बाजूने मांडला होता, तोच त्यांच्या दाराशी उलटा होऊन उभा राहिला होता. तो त्यांनी तितक्या खोलवर ऐकला असं म्हणवत नाही. रानडे मात्र सभ्यपणे बाहेर पडले. त्यांनी त्या काळच्या कित्येकांसारखी बाईंची हेटाळणी केली नाही. पालकांनी मुली काढून नेल्या, सदन काही काळ रोडावलं.

त्या सदनात शिकलेल्या बालविधवा गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ सालीच लग्न केलं. तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो धर्माच्या बाबतीत हिंदू समाजाला धास्ती वाटणार नाही अशा बेताने. १९०० साली आश्रम हिंगण्याला गेला. कोथरूडच्या शेजारचं कर्वेनगर ते हेच जुनं हिंगणे.  शारदा सदन फुटल्याने विधवाशिक्षण बुडालं नाही. एका पुण्यात त्याच्या दोन वाटा झाल्या, आणि दुसऱ्या वाटेवरची पहिली गृहिणी पहिल्या वाटेवरून आलेली होती.

रमाबाई पुढे केडगावला गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना त्यांनी तिथे आसरा दिला. केडगावच्या या ‘मुक्ती’ संस्थेत अमेरिकेतल्या मेथॉडिस्ट मिनी एब्रम्स आल्या, इतरही पंथांची माणसं आली. कुठल्याच एका चर्चच्या हुकमतीखाली रमाबाईंनी संस्था दिली नाही. वाँटेजमध्ये नाकारलेली बरीच मतं तोवर त्यांना पटलेली होती. १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेने मोठं वळण घेतलं होतं. ती मतं पटली ती कोणी आज्ञा केली म्हणून नव्हे. जेराल्डीनना याचा आनंदच झाला असेल, पण केडगावची ती मोकळी, भावनेने भारलेली उपासना काही त्यांच्या चर्चची नव्हती. अंतर उरलं ते उरलंच, आणि पत्रंही थांबली नाहीत.

आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-अठरा वर्षांत रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. बायबल सोसायटीचं भाषांतर होतं, पण ते साध्या बायकांना कळत नाही असं त्यांना वाटे. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुलींना खिळे जुळवायला शिकवलं आणि केडगावच्या छापखान्यातच काम चालवलं. मान्य झालेल्या आवृत्तीशी त्यांचं जमत नव्हतं, तेव्हा त्यांनी ते असं, मजकुरावर मजकूर लिहून सांगितलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, हातातलं भाषांतर पुरं करून.

इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत आता ३० एप्रिलला पंडिता मेरी रमाबाई यांचं स्मरण केलं जातं, पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून. ज्याची काही कलमं आपल्याला मान्य नाहीत असं त्यांनी लेखी कळवलं होतं, तेच हे चर्च.

आणि ती पत्रं? ती राहिली, कारण सिस्टर जेराल्डीन यांनी ती जपली. रमाबाईंची, बीलबाईंची, बिशपांची, कॅनन बटलर यांची आणि स्वतःची. आपल्याला खोडून काढणारी, आपल्या लॅटिनवर बोट ठेवणारी, आपण चुकलो हे दाखवणारी पत्रंही त्यांनी गाळली नाहीत. सगळी गोळा करून, लावून ठेवली. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचं पुस्तक काढलं. त्यात क्रुसाबद्दलचं पत्रही आहे.